खात्रीचं टमरेल

मी एक जुनं टमरेल आहे. हसून घ्या मित्रांनो, मी थांबतो. फाटक्या पुस्तकाचं, मोडक्या छत्रीचं, वठलेल्या झाडाचं मनोगत तुम्ही शाळेत ऐकलं असेल. त्या मंडळींना मान आहे. टमरेलाला कोणी बोलायला बोलावत नाही. पण माणसं दार लावून जे बोलतात आणि जे रडतात, ते पुस्तकाला आणि छत्रीला दिसत नाही. मला दिसलं आहे.

माझं मूळ कुळ चांगलं. एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि जन्मताच माझ्या पोटात तान्ह्या मुलांची दुधाची भुकटी भरली गेली. अंगावर एका गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. बाळ असं हसायचं, जणू त्याला अजून जगात कोणी भेटलंच नव्हतं. दुकानाच्या फळीवर माझी मुदत संपली, तेव्हा मला एका शिलाई कारखान्याच्या कॅन्टीनवाल्यानं स्वस्तात उचललं. कामगार बायकांच्या चहात बाळांचं दूध गेलं. चहाला चव नव्हती, पण बायका म्हणायच्या, गुटगुटीत होऊ आपण. मग मी रिकामा झालो आणि मला कॅन्टीनमागे फेकून दिलं.

तिथून मला मावशीनं उचललं.

मावशी शर्टांचे धागे कापायची. मशीनांच्या लाइनच्या शेवटी बसायचं, शिवून आलेल्या शर्टाची लोंबणारी टोकं छोट्या कात्रीनं उडवायची आणि शर्ट पुढे सरकवायचा. नजर अधू झाली होती, तेव्हा टोकं ती बोटांनी शोधायची. वयानं सगळ्यांत मोठी म्हणून सगळ्यांची मावशी. तिनं माझी धारदार कड दगडानं ठोकून बसवली, तारेची मूठ लावली आणि हाताला तार लागू नये म्हणून मुठीवर टाकाऊ धागा गुंडाळला. सहा रंगांचा धागा. त्या मोरीत माझ्याइतका नटलेला दुसरा कोणी नव्हता.

मोरी म्हणजे वसतिगृहाची मागची खोली. वसतिगृह कारखान्याचं, आणि राहणाऱ्या बायका सगळ्या दुसऱ्या देशांतून शिवायला आलेल्या. खोल्यांत वॉर्डन केव्हाही यायची. तिच्या कमरेच्या चाव्या वाजायच्या म्हणून तिचं नाव घुंगरू. फक्त मोरीला आतून कडी होती. त्यामुळे बायकांची संसद भरायची ती मोरीत, आणि मी सभापतीच्या जागी, नळाखाली.

समोरच्या भिंतीवर नियम रंगवले होते. पाणी जपून वापरा. भिंतीला तेलकट हात लावू नका. गरोदर राहू नका. तिन्ही एकाच रंगात, एकाच आकाराच्या अक्षरांत. पहिले दोन कोणी पाळत नसे. तिसरा मोडला, तर बाईची रवानगी थेट घरी आणि कामाचा परवाना रद्द. त्या बायकांतल्या काहींचे नवरे याच शहरात इमारती बांधत होते आणि रविवारी भेटत होते. नवराबायकोनं रविवारी काय बोलावं याचा नियम मात्र रंगवायचा राहिला होता. एकदा झडतीत एकीच्या उशीखाली दिवस न जाण्याच्या गोळ्या सापडल्या. घुंगरूनं त्या जप्त केल्या आणि कारखान्याच्या साहेबांनी तिला चारित्र्यावर चार शब्द ऐकवले. म्हणजे हुकूम असा की विहिरीत पडायचं नाही, आणि कठडाही धरायचा नाही.

नियम पाळला जातो की नाही हे बघायला दर तीन महिन्यांनी कारखान्याची नर्स यायची. तिचं नाव बाटलीबाई. ती प्रत्येकीला एक रिकामी बाटली द्यायची, बायका मोरीत जाऊन ती भरून आणायच्या, मग बाटलीबाई त्यात कागदाची पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर मशीनवर जा. दोन आल्या तर बोचकं बांध. बाईला स्वतःला निकाल सांगायची पद्धत नव्हती. निकाल साहेबांना कळायचा, आणि साहेबांकडून गाडीवाल्याला.

एकदा इस्त्रीवालीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या आणि ती गेली. पुढे तिच्या घरून निरोप आला, पोटात काहीच नव्हतं, पट्टी चुकली होती. कारखान्यानं आनंद व्यक्त केला आणि तब्येतीची काळजी घ्यायला सांगितलं. पण इस्त्रीवर तोवर दुसरी बाई उभी होती.

त्या दिवसापासून एकीचाही स्वतःच्या बाटलीवर विश्वास राहिला नाही. मग संसदेनं ठराव केला. अशी एक बाई शोधायची, जिच्या बाबतीत शंकाच नको. मावशीचा नवरा समुद्रापलीकडे, वय उतरणीला लागलेलं. ठराव एकमतानं झाला. तपासणीच्या दिवशी मावशीनं पहाटे उठून पाणी पीत बसायचं आणि सगळ्यांच्या बाटल्या एकटीनं भरायच्या. तिनं माझ्यात सोय करायची आणि मी प्रत्येक बाटलीत थोडं थोडं ओतायचं.

मित्रांनो, टमरेलाच्या आयुष्यात मानाचे दिवस कुठून यायचे. पण त्या दिवशी मला गरम पाण्यानं आणि साबणानं घासायचे. दोन्ही हातांत धरून न्यायचे. बाहेर रांग लागायची आणि दारावर टकटक व्हायची.

"मावशी, टाकी भरली का?" हे काजवालीचं. ती शर्टांना काजं करायच्या मशीनवर बसायची आणि मशीनसारखीच न थांबता बोलायची.

"थांब गं, मी काय नगरपालिका आहे?" मावशी आतून म्हणायची.

"जरा सढळ हातानं. बटणवालीची बाटली मोठी आहे."

बटणवालीची गर्भपिशवी काढून कैक वर्षं झाली होती. तिला खरं तर मावशीची गरज नव्हती. पण सगळ्या घेतात तर आपणच कशाला वेगळं दिसायचं, म्हणून तीही घ्यायची. मी खात्रीचं टमरेल म्हणून प्रसिद्ध झालो. बाटलीबाई म्हणायची, या लाइनसारखी शिस्त तिनं कुठं पाहिली नाही.

दोन वर्षांतून एकदा रजा मिळायची. मावशी महिनाभर घरी जाऊन आली. आल्या दिवशी काजवालीनं तिला मोरीत गाठलं.

"नवऱ्यानं ओळखलं का?"

"ओळखलं. म्हणाला, वाळलीस. मी म्हटलं, तू म्हातारा झालास. मग आमचं बरं जमलं."

मोरी हसली. नळसुद्धा हसल्यासारखा गळला.

रजेच्या आधीपासूनच मावशीची पाळी मागेपुढे होत होती. रजेनंतर ती आलीच नाही. बायकांनी तिचं अभिनंदन केलं. घुंगरूपुढे हात पसरून एकेक पॅड मागायला नको, सुटलीस बाई. मावशी म्हणाली, आता तर खात्रीला खात्री. मग तिला सकाळी मळमळायला लागलं. ते कॅन्टीनच्या तेलानं. दुपारी डुलकी यायला लागली, ती वयानं. दुसऱ्या कोणा बाईला हे झालं असतं तर संसदेनं तिला अर्ध्या दिवसात ओळखलं असतं. असल्या बाबतीत या बायकांची नजर घारीची होती. पण घारी सगळ्या आभाळ बघत होत्या. मावशीकडे कोणी पाहिलं नाही, मावशीनंही नाही.

तपासणीचा दिवस आला. मला घासलं, मिरवलं, मी ओतलं. बाटलीबाईनं मोरीबाहेरच्या कट्ट्यावर पट्ट्या मांडल्या. पहिलीवर दोन रेघा आल्या. दुसरीवर दोन. मग तिसरीवर. अख्खी लाइन गरोदर होती. बटणवालीही गरोदर होती. बाटलीबाईनं एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

साहेब आले. मोरीच्या दारापर्यंत येण्याची त्यांची पहिलीच वेळ, म्हणून नाकाला रुमाल होता. त्यांनी प्रथम विचारलं, वॉचमन कोण आहे. वॉचमनला समोर आणलं. तो सत्तरीचा होता आणि त्याला आणायला दोघं लागले. साहेबांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि परत पाठवलं. मग त्यांना आठवलं की शर्टांचं जहाज ठरलेल्या तारखेला निघायचं आहे. लाइन घरी पाठवली तर जहाजात शर्ट कुठून येणार. साहेबांनी रुमाल खिशात ठेवला आणि शास्त्रीय निर्णय दिला. पट्ट्या खराब निघाल्या आहेत. कोणीही गरोदर नाही. सगळ्यांनी मशीनवर जावं.

बायका हसू दाबत गेल्या. काजवाली तेवढी मागे राहिली, कारण मावशी जागची हलली नव्हती. मावशी माझ्याकडे बघत होती.

"मावशी."

"हं."

"तुझी पाळी वयानंच गेली ना?"

"मला काय माहीत. ती सांगून थोडीच गेली."

मग मावशी खाली बसली आणि तिनं काजवालीला जे सांगितलं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शेवटच्या बाळंतपणात तिचा रक्तदाब वाढून तिला झटके आले होते. दोन दिवस शुद्ध नव्हती. तिच्या देशातल्या डॉक्टरणीनं तिला हात जोडून सांगितलं होतं, बाई, आता पुन्हा नको, पुन्हा झालं तर मी वाचवू शकणार नाही. तिची मुलं आता मोठी होती. थोरली स्वतः आई झाली होती. "मला हे मूल नको आहे गं," मावशी म्हणाली. "आणि मला मरायचंही नाही." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं, मागे राहिलेला धागा दाखवावा तसं.

अजून दिवस थोडेच भरले होते. डॉक्टरांकडे वेळेत पोचली असती तर गर्भ पाडून मोकळी झाली असती. पण बाहेरच्या देशातल्या बाईला सरकारी दवाखान्यात घ्यायचं तर कारखान्याच्या नर्सची चिठ्ठी लागायची. बाटलीबाई पट्ट्यांचे खोके परत न्यायला आली, तेव्हा मावशीनं तिला मोरीत बोलावलं आणि काजवालीनं कडी लावली. बाटलीबाईनं सगळं ऐकलं. ती वाईट बाई नव्हती. तीही दुसऱ्याच देशातून आलेली होती आणि तिचाही परवाना साहेबांच्या सहीवर होता.

"तू एकटी गरोदर असशील तर पट्ट्या बरोबर होत्या," ती हळूच म्हणाली. "पट्ट्या बरोबर होत्या तर सगळ्याच गरोदर आहेत. मी चिठ्ठी कशी देऊ?"

"मग मला घरी पाठवा. नियम आहे ना तुमचा."

"गरोदर बाईला पाठवतात. तू गरोदर नाहीस, साहेबांनी सांगितलंय."

मित्रांनो, त्या भिंतीवरचा तिसरा नियम मोडून जिला घरी जायचं होतं अशी मावशी पहिलीच, आणि नियमानं तिला ओळख दिली नाही. तिनं साहेबांकडे रजा मागितली. साहेब म्हणाले, आत्ताच तर जाऊन आलीस. पासपोर्ट त्यांच्या कपाटात. काजवाली रविवारी गर्भ पाडायच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, असल्या गोळ्या बाईच्या हातात देत नाही, नवऱ्याला पाठव. तिनं सांगितलं, ज्या बाईला हव्यात तिचा नवरा समुद्रापलीकडे आहे. दुकानदार म्हणाला, मग गोळ्या कशाला. आणि त्यानं डोकेदुखीची पुडी दिली.

एक वाट उरली होती. खरं सांगायचं. सगळ्यांच्या बाटल्यांत एकट्या मावशीचंच होतं, असं साहेबांपुढे बोलायचं. पट्ट्या बरोबर ठरल्या असत्या, मावशीला चिठ्ठी मिळाली असती, आणि फसवणूक केली म्हणून बाकी सगळ्या जणी गाडीत बसल्या असत्या.

"बोलून टाक," काजवाली म्हणाली. "आमचं बघू आम्ही."

"काय बघाल? तुझ्या पोरांच्या शाळेचं कोण बघेल?"

"तू मेलीस तर मला ती शाळा गोड लागेल?"

मावशी हसली. "तेवढी लांब नाही जात मी. मागल्या वेळीही सगळे म्हणत होते गेली गेली."

तो विषय तिनं पुन्हा काढू दिला नाही. पोटावर पट्टा बांधायला लागली. घरी फोन करायची तेव्हा इथं सगळं बरं आहे म्हणायची. पाय सुजले, बोटं सुजली, धाग्याची टोकं हाताला लागेनात. डोकं दुखायचं तेव्हा माझ्यात गार पाणी घेऊन कपाळावर ओतायची. एकदा म्हणाली, डोळ्यांपुढं ठिणग्या उडतात. घुंगरूनं तिला औषधाच्या पेटीतून बाम दिला. पेटीत बाम आणि कापूस, एवढंच होतं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मावशी एकटी मोरीत आली. ओकली, उठली, आणि उभीच्या उभी कोसळली. हातपाय असे आपटायला लागले की मी घरंगळत कोपऱ्यात गेलो. आवाजानं काजवाली धावली. कडी आतून लावलेली. शेवटी खांद्यानं दार उखडलं ते घुंगरूनं. चाव्यांचा तिथं उपयोग नव्हता.

शर्ट नेणारी गाडी फाटकात उभी होती. साहेबांच्या सहीशिवाय माणूस चढवत नाही, असं गाडीवाला म्हणाला. घुंगरूनं त्याला काय सांगितलं ते मी चारचौघांत सांगणार नाही. त्यानं दार उघडलं. वाटेत ओकारी आली तर असावं म्हणून काजवालीनं मला बरोबर घेतलं. असा मी जन्मात पहिल्यांदा दवाखाना पाहिला.

खिडकीतल्या माणसानं नर्सची चिठ्ठी मागितली, मग नवऱ्याची सही मागितली. घुंगरू म्हणाली, मी हिची बहीण, कुठं सही करू. तिच्या नि मावशीच्या चेहऱ्यात तिळाचं साम्य नव्हतं. त्या माणसानं दोघींकडे पाहिलं आणि सही घेतली.

बऱ्याच वेळानं एक डॉक्टरीण बाहेर आली. तिनं हातमोजे काढले आणि भिंतीला टेकली.

"एवढे महिने कुठं होती ही?"

"मशीनवर," काजवाली म्हणाली.

"तिला कळत नव्हतं आपण गरोदर आहोत?"

"तिला कळलं होतं. पण ती गरोदर नाही, असं ठरलं होतं."

डॉक्टरणीला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती म्हणाली, सुरुवातीला आणली असती तर थोडक्यात आटपलं असतं. महिन्याभरापूर्वी आणली असती तरी गोळ्या देऊन सांभाळली असती. मग म्हणाली, दोघंही गेली. मावशी, आणि जे तिला नको होतं ते.

मी बाकाखाली होतो. मला कोणी उचललं नाही. घुंगरू दारापर्यंत गेली, परत वळली, आणि मला घेऊन आली.

मावशीच्या नवऱ्याला काजवालीनं मोरीतूनच फोन केला. सगळं खरं सांगितलं. मग तो म्हणाला, ती तर म्हणायची, तिथं सगळं बरं आहे. एवढंच दोनदा म्हणाला.

कारखान्यानं शोक पाळला. दोन मिनिटं, मशीनं बंद न करता. मृत्यू उन्हानं झाला असं जाहीर झालं आणि कॅन्टीनमध्ये पिण्याच्या पाण्याचा एक जादा माठ ठेवला.

पुढची तपासणी आली. नव्या पट्ट्या आल्या होत्या. बाटलीबाई आली, सगळ्यांना मोरीत घेतलं, आणि तुटलेल्या कडीच्या जागी पाठ लावून उभी राहिली. घुंगरू बाहेर पहाऱ्याला, साहेब येताहेत का बघायला. आता कोणाची बाटली खात्रीची, हे कोणी विचारत नव्हतं. मी नळाखाली कोरडा बसलो होतो, मला कोणी घासलं नव्हतं.

"साहेबांना मी सांगणार आहे, कोणीच नाही," बाटलीबाई म्हणाली. "ते मी आधीच लिहून ठेवलंय. आता जिला स्वतःसाठी जाणून घ्यायचंय तिनं बाटली घ्यावी. जे निघेल ते मी तिलाच सांगेन, दुसऱ्या कोणाला नाही."

एकही हात पुढे झाला नाही. काजवालीनंही खाली पाहिलं. ज्या बाटलीनं इतक्या जणींना बोचकं बांधायला लावलं, ती आता मैत्रीण झाली हे पटायला वेळ लागतो. मग मागच्या ओळीतली एक बाई पुढे आली. नुकतीच रुजू झालेली, कॉलर लावणारी. तिचा आवाज मोरीनं तोवर ऐकला नव्हता. तिनं बाटली हातात घेतली, पण ती आत गेली नाही.

"आणि कळल्यावर?" तिनं विचारलं. "कळल्यावर मी कुठं जाऊ?"

ती बाई उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू तुम्हाला विनंती करतो. पुस्तक म्हणतं मला फाडू नका, छत्री म्हणते मला विसरू नका. माझं तसं काही मागणं नाही. माझा पत्रा गंजला आहे, मला खुशाल भंगारात घाला. पण त्या बाईनं विचारलेला प्रश्न अजून मोरीत उभा आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे मागू नका. मी टमरेल आहे, मला भरून घेणं आणि ओतून देणं एवढंच येतं. ती बाई माणसांना विचारत होती.